तिसऱ्या दोरीवरचा चिमटा

माझ्या मावशीने तीनशे अकरा निकाल लिहिले, आणि ते सगळे इस्त्रीच्या टेबलावर. बसून लिहिलं की तिची पाठ धरायची, आणि उभ्याने लिहायला सोयीची अशी घरात तेवढी एकच वस्तू होती. टेबलाच्या वर, खिडकीपासून कपाटापर्यंत, तीन दोऱ्या बांधलेल्या. त्यांवर कपड्यांच्या लाकडी चिमट्यांनी कागद टांगलेले असायचे. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, तळाला चष्म्याचं दुकान, आणि खालच्या मजल्यावरच्या शेजारणीची ठाम समजूत होती की मावशी घरात फोटो धुते. तिचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत आम्ही कधी पडलो नाही, कारण खरं काम समजावून सांगायला निदान अर्धा तास लागला असता.

तुम्हाला थोडक्यात सांगते. इंटरनेटवर दुकान मांडायचं तर पत्ता लागतो, आणि तिथला पत्ता म्हणजे एक नाव. जो आधी मागेल त्याला ते मिळतं, वर्षाची फी भरत राहिलं की त्याचंच राहतं. मग काही दीडशहाणे काय करतात, दुसऱ्याच्या नावाजलेल्या ट्रेडमार्कचं नाव आपल्या नावावर करून ठेवतात आणि सोडायला अव्वाच्या सव्वा किंमत मागतात. कधी नेमकं उलटं होतं. एखाद्या बड्या कंपनीचा कुणा किरकोळ माणसाच्या नावावर डोळा असतो आणि ती त्यालाच चोर ठरवायला निघते. अशी भांडणं कोर्टाबाहेर, नुसत्या कागदपत्रांवर मिटवणारं एक केंद्र आहे. त्या केंद्राच्या यादीवर पंच असतात. मावशी त्या यादीवर एकोणीस वर्षं होती. पंचाने कोणाला भेटायचं नाही, कोणाला फोन करायचा नाही, समोर आलेले कागद वाचायचे आणि चौदा दिवसांत निकाल द्यायचा. मावशीच्या स्वभावाला हे काम अगदी फिट्ट बसलं होतं. माणसं तिला एका वेळी एक आणि तीही कागदावरच बरी वाटायची.

त्याआधी सव्वीस वर्षं ती सरकारी ट्रेडमार्क कचेरीत होती. दोन साबणांची वेष्टणं शेजारी शेजारी धरायची, चष्मा काढायचा, हात लांब करायचे आणि दोन सेकंद बघायचं. गिऱ्हाईक दुकानात चष्मा लावून उभं राहत नाही, हे तिचं म्हणणं. दोन सेकंदांत फसलं तर अर्ज नामंजूर. कचेरीतले लोक तिच्यापुढे फाइल न्यायला घाबरायचे आणि माझे वडील, म्हणजे तिचे मेहुणे, तिला पंच म्हणायचे. पुढे ती खरोखरच पंच झाली तेव्हा वडिलांनी आपण भविष्य सांगितलं होतं अशा थाटात महिनाभर मिरवून घेतलं.

दोऱ्या तीन असण्याचं कारण, प्रश्न तीन. पहिली दोरी: हे नाव तक्रार करणाऱ्याच्या ट्रेडमार्कसारखं आहे का? दुसरी: ज्याने नाव घेतलंय त्याचा स्वतःचा काही हक्क आहे का? तिसरी: नाव घेताना त्याच्या मनात काळंबेरं होतं का? तिन्ही दोऱ्या तक्रारदाराच्या बाजूने भरल्या तरच नाव त्याला द्यायचं. एक जरी रिकामी राहिली तरी नाव जिथे आहे तिथे राहतं. सगळी गंमत तिसऱ्या दोरीवर असायची. मनातलं काळंबेरं कोणी लिहून देत नाही, ते तारखांवरून ओळखावं लागतं. ट्रेडमार्क आधीचा आणि नाव नंतर घेतलेलं, तर संशयाला जागा. नाव आधीचं आणि ट्रेडमार्क नंतरचा, तर प्रश्नच मिटला. जे जन्माला आलेलंच नव्हतं ते कोण कसं चोरणार?

माझं काम कागद टांगण्याचं. मी वकिलीची परीक्षा दिलेली, दोन कचेऱ्यांत भांडून बाहेर पडलेली, चाळिशी ओलांडलेली बाई. आई गेल्यावर मावशीकडे राहायला आले आणि तिच्या फायली लावू लागले. त्यातलं मुख्य काम म्हणजे जुनी पानं. इंटरनेटवर एक असं भांडार आहे जिथे कोणत्या पत्त्यावर कोणत्या वर्षी काय दिसत होतं त्याची छायाचित्रं साठवलेली सापडतात. प्रत्येक भांडणात मी ती काढायची, छापायची, आणि तिसऱ्या दोरीच्या उजव्या टोकाला, शेवटच्या चिमट्याला लावायची. तो चिमटा त्याच कागदांसाठी राखलेला होता. पंचाने हे बघितलंच पाहिजे असा काही नियम नव्हता. ही मावशीची स्वतःची शिस्त.

आता साळुंकीची गोष्ट.

तक्रार एका लहान मुलांचे कपडे बनवणाऱ्या कंपनीची होती. कंपनीच्या कपड्यांचं नाव साळुंकी, ट्रेडमार्क पाच वर्षांपूर्वीचा. साळुंकी डॉट कॉम हा पत्ता मात्र कुणा शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या नावावर, आणि नोंदणीच्या उताऱ्याप्रमाणे त्याने तो घेतला होता तीन वर्षांपूर्वी. पानावर काही नाही. नुसती एक ओळ: ‘लवकरच परत येत आहोत.’ कंपनीने मध्यस्थामार्फत नाव विकत मागितलं तेव्हा त्याने उत्तर दिलं होतं, ‘एक कोटी द्या.’ तो ईमेल परिशिष्ट म्हणून जोडलेला. उत्तर द्यायला वीस दिवसांची मुदत होती, ती संपली तरी सामनेवाल्याकडून चकार शब्द नाही.

फाइल बघताक्षणी मला वास आला. दोनशेच्या वर फायली लावल्या की माणसाला आपल्याला वास येतो असं वाटू लागतं, तो त्या धंद्यातला रोग आहे. तारीख नंतरची, पान रिकामं, मागणी कोटीची, आणि तोंडाला कुलूप. चोर याहून वेगळा काय दिसतो? जुनी पानं काढायला अर्धा दिवस जातो, आणि त्या आठवड्यात माझं लक्ष दुसरीकडेच होतं. मी स्वतः पंचांच्या यादीसाठी अर्ज केला होता. शिफारस मावशीची होती. निर्णय दोन महिन्यांवर आला होता आणि मी आरशासमोर उभी राहून मुलाखतीची उत्तरं पाठ करत होते.

मावशी दोऱ्यांखालून डावीकडून उजवीकडे वाचत गेली. शेवटच्या चिमट्यापाशी थांबली. चिमटा रिकामा होता. तिने विचारलं, “जुनी पानं?”

“तारीखच ट्रेडमार्कनंतरची आहे. त्यात काय बघायचंय?” मी म्हणाले.

ती क्षणभर चिमट्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बरं.”

चौथ्या दिवशी निकाल गेला: तिन्ही मुद्दे सिद्ध, नाव तक्रारदार कंपनीला द्यावं. निकाल कळवल्यापासून कामाच्या दहा दिवसांत हरलेला माणूस कोर्टात गेला तर नाव जागच्या जागी थांबतं, नाही गेला तर ते कंपनीकडे जातं. बहुतेक कोणी जात नाही. मीही ती फाइल बांधून कपाटात टाकली आणि विसरले.

पुढच्या सोमवारी केंद्रातून एक पाकीट आलं. केंद्रात आमच्या फायली सांभाळणारा एक कारकून होता, अतिशय सभ्य माणूस. त्याने काहीही पाठवलं तरी वर ‘नोंदीसाठी’ असं लिहिलेलं असायचं, म्हणून आम्ही त्याला नोंदीसाठीसाहेब म्हणायचो. यावरही तेच लिहिलं होतं. आत रेघांच्या वहीच्या चार पानांवर हाताने लिहिलेलं पत्र, कोपऱ्यांना मशीनच्या तेलाचे डाग, आणि काही फोटो.

पत्र शिलाई मशीनवाल्याचं होतं. त्याने कोणाला शिव्या दिल्या नव्हत्या, शेवटापर्यंत ‘साहेब’ म्हणूनच लिहिलं होतं. नाव त्याने अठरा वर्षांपूर्वी घेतलं होतं. म्हणजे घेतलं होतं बायकोने. ती अखंड बोलायची म्हणून तो तिला साळुंकी म्हणायचा, आणि दुकानाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही. जुन्या मशीनचे सुटे भाग कसे बसवायचे याची शेकडो चित्रं त्याने काढली आणि तिने ती पत्त्यावर चढवली. दूरदूरचे लोक ती बघून मशीन घरच्या घरी नीट करायचे. दर वर्षाची फी तीच भरायची, आठवणीचे ईमेल तिच्याकडेच यायचे. मग ती आजारी पडली, चार महिने दवाखान्यात होती, आणि तिकडेच गेली. त्या चार महिन्यांत फी भरायची राहिली आणि नाव सुटलं. एका गिऱ्हाइकाने पान उघडत नाही म्हणून फोन केला तेव्हा याला कळलं. जावयाच्या मदतीने त्याने नाव पुन्हा घेतलं. पुन्हा घेतल्यामुळे उताऱ्यावर तारीख नवी पडली. चित्रं बायकोच्या कॉम्प्युटरमध्ये होती आणि तो कसा उघडायचा ते तिलाच माहीत होतं. म्हणून ती एक ओळ टाकून ठेवली होती.

केंद्राचे ईमेल तिच्याच बंद पडलेल्या पत्त्यावर जात राहिले. टपालाने गेलेली नोटीस जुन्या दुकानाच्या पत्त्यावर पोचली. तिथे आता न्हाव्याचं दुकान होतं, आणि न्हाव्याने ती जपून गल्ल्याच्या खणात ठेवली होती, भेट झाली की द्यायची म्हणून. भेट झाली तेव्हा मुदत संपली होती.

शेवटी त्याने तो कोटीचा ईमेल पूर्ण जोडला होता. कंपनीने त्याचं पहिलंच वाक्य कापून लावलं होतं. पुढचं असं होतं: ‘नाही जमत? मग माझी बायको परत आणून द्या, नाव फुकट देतो.’

मावशीने पत्र दोनदा वाचलं. मग मला म्हणाली, जुनी पानं काढ. मी काढली. अर्धा दिवस लागेल म्हणून टाळलेलं काम वीस मिनिटांत झालं. अठरा वर्षांपूर्वीचं पहिलं पान, मग दर वर्षाचं एक, मशीनची चित्रं वाढत गेलेली, एका कोपऱ्यात हसणारी बाई. कंपनी त्या वेळी कुठेच नव्हती. मी कागद शेवटच्या चिमट्याला लावले. मग उगाचच खिडकी लावायला गेले.

मावशीने नोंदीसाठीसाहेबांना फोन केला. मी ऐकत होते. त्यांनी सांगितलं की निकाल दिला की पंचाचं काम संपतं, फार तर लिहिण्यातली चूक दुरुस्त करता येते, निकाल फिरवता येत नाही. सामनेवाला कोर्टात जाऊ शकतो, केंद्राच्या पत्राच्या चौथ्या परिच्छेदात तसं लिहिलेलंच आहे. मावशी म्हणाली, त्याला ते कळलेलं नाही, आणि त्याच्याजवळ कोर्टाला दाखवायला हे चार कागद सोडून काही नाही. मी एक पत्र पाठवतेय, ते फाइलला लावा. पंचाकडून आलेला कागद दोन्ही बाजूंना पाठवणं तुम्हाला भाग आहे, तसा पाठवा.

मग ते आवाज खाली करून बोलले असावेत, कारण मावशीने फोन कानाला घट्ट लावला. काय बोलले ते तिने मला नंतर सांगितलं. “बाई, यादी दर वर्षी नव्याने होते. स्वतःचा निकाल चुकला असं लिहून देणारा पंच त्यात ठेवत नाहीत. तुमचं पत्र मला मिळालंच नाही असं मी धरून चालतो.”

मावशीचं उत्तर मात्र मी माझ्या कानांनी ऐकलं. “तसं धरू नका. पाठवलंय मी.”

खरं म्हणजे तोवर पाठवलं नव्हतं. ती टेबलापाशी उभी राहिली आणि लिहू लागली. एरवी तिचं सगळं लिखाण मी टाइप करायची, पण त्या दिवशी तिने मला बोलावलं नाही. त्या वेळी पुढे होऊन मी म्हणायला हवं होतं की मावशी, त्यात माझं नाव घाल, ते काम माझं होतं. मी स्वयंपाकघरात मूग गिळून बसले. तिने माझ्याबद्दल काय लिहिलं असेल आणि ते माझा अर्ज तपासणाऱ्यांच्या हातात पडेल का, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पत्र गेलं. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही, आणि आमच्या घरात दोन महिने फक्त भाजी आणि लाइटबिल यांवर बोलणं झालं.

केंद्राने ते दोन्ही बाजूंना पाठवलं, आणि मशीनवाला मुदतीच्या आठव्या दिवशी कोर्टात गेला. कंपनीने पहिल्याच तारखेला पडतं घेतलं, कापलेल्या ईमेलबद्दल न्यायाधीशाने तोंडावर विचारलं म्हणे. नाव त्याचं त्याच्याकडे राहिलं.

नव्या वर्षाची यादी आली. मावशीचं नाव त्यात नव्हतं, माझं शेवटचं होतं. तिने माझं अभिनंदन केलं, स्टुलावर चढून तिन्ही दोऱ्या सोडल्या आणि चिमट्यांसकट एका पिशवीत घालून माझ्या खोलीत आणून ठेवल्या. मला तिचा राग आला. इतक्या सहज कोणी दिलं की घेणाऱ्याला तोंड वर करायला जागा राहत नाही.

नव्या पंचांना दोन दिवसांचं प्रशिक्षण असतं. पहिल्याच दिवशी दुपारी एक निकाल वाटला गेला, मी नाव वाचलं. साळुंकी. खाली मावशीचं पत्र जोडलेलं. सव्वा पानाचं होतं. ‘हा निकाल एका तारखेवर उभा आहे आणि ती तारीख मी चुकीची धरली. नाव सुटून पुन्हा घेतलं असल्यास उताऱ्यावर नवी तारीख येते हे मला माहीत होतं. तरीही मी जुनी पानं पाहिली नाहीत. सामनेवाल्याचा यात दोष नाही. निकाल बदलण्याचा मला अधिकार नाही. कोणत्याही न्यायालयाने विचारल्यास मी हेच सांगेन.’

मी पत्र वर-खाली तीनदा वाचलं. माझा त्यात कुठेही उल्लेख नव्हता. फाइल लावणारी व्यक्ती, सहायक, मदतनीस, काहीही नाही. शिकवणाऱ्याने विचारलं, या पंचाने काय करायला हवं होतं, आणि वीस जणांनी एका सुरात सांगितलं, जुनी पानं बघायला हवी होती. मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

मावशीचे बाकीचे तीनशे दहा निकाल आता कोणी वाचत नाही. तिचं नाव शोधलं की सगळ्यात आधी हाच येतो. मशीनवाल्याने आपला पत्ता पुन्हा उभा केलाय, चित्रं नव्याने काढलीत, आणि ‘आमच्याविषयी’ या पानावर एक वाक्य टाकलंय: ‘मध्यंतरी एका बाईंनी काही न बघता आमचं नाव दुसऱ्याला देऊन टाकलं होतं, पण देवाच्या दयेने ते परत मिळालं.’ पत्र कोणी लिहिलं होतं ते त्याला कळलं होतं की नाही, देव जाणे. मला ते वाचून संताप आला, मी त्याला लिहायला निघाले होते. मावशीने पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली की बरोबर लिहिलंय त्याने. लिहू नकोस.

याला सहा वर्षं झाली. यंदा केंद्राने प्रशिक्षणाचा तो तास मलाच घ्यायला सांगितला. मी निकाल वाटला, पत्र वाटलं, नेहमीचा प्रश्न विचारला. पहिल्या रांगेतला एक तरतरीत वकील म्हणाला, “बाईंनी सरळ आळस केला.” सगळे हसले.

“आळस मी केला,” मी म्हणाले. “जुनी पानं काढायचं काम माझं होतं. त्यांनी विचारलं होतं. मी म्हणाले, त्यात काय बघायचंय.”

हसणं थांबलं. नोंदीसाठीसाहेब मागच्या खुर्चीवर बसले होते, त्यांचे केस आता सगळे पिकलेत. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. मी उरलेला तास कसाबसा पूर्ण केला.

घरी आले तेव्हा मावशी उशांच्या अभ्र्यांना इस्त्री करत होती. टेबलाचा तेवढाच उपयोग उरलाय आता. मी दारातच सांगून टाकलं. तिने इस्त्री उभी केली.

“कशाला सांगितलंस?”

“खरं होतं म्हणून.”

“मी बरं म्हटलं होतं की नाही?”

“म्हटलं होतंस.”

“मग झालं तर.” तिने अभ्रा उलटा केला, शिवण बोटाने सरळ केली. माझे डोळे भरून आले होते आणि तिला ते दिसत होतं, पण तिने तिकडे लक्ष दिलं नाही. मग तिने विचारलं, “म्हणजे यंदा तुझ्या नावावर चर्चा होणार. नवा अर्ज करावा लागेल का?”

“बहुतेक.”

“कर. फक्त शिफारस माझी लावू नकोस,” ती म्हणाली. “माझी आता चालत नाही.” आणि तिने इस्त्री उचलली.